बॉनेटखालची पट्टी

४ मार्च, मंगळवार

दातांचे डॉक्टर बाबांची गाडी घ्यायला तयार! पण एक अट आहे. बॉनेटखालची कारखान्याची पट्टी गाडीशी जुळली पाहिजे. "रंग, सीट, चॅसीचा नंबर, सगळं त्या पट्टीत असतं. वाचून ठेवा, मी सोळाला, रविवारी येतो." काल बॉनेटमध्ये असे वाकले होते, जणू अक्कलदाढच शोधतायत.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. गाडी शेडमध्ये नुसती उभी. ताई म्हणते, विक. ही म्हणते, विका. मी मात्र रोज जाऊन दार उघडतो, दोन मिनिटं बसतो, परत येतो. डॉक्टर निदान जपतील तरी.

दिवसभर लोकांच्या घरची पाण्याची मीटरं वाचायची आणि घरी येऊन ही पट्टी! "आकडे बघून पोट भरत नाही वाटतं तुमचं?" — ही. खरंच भरत नाही. लहानपणापासूनची खोड आहे.

६ मार्च

पार्टवाल्याकडे जुनं माहितीपुस्तक मिळालं. पानं तेल पिऊन आरपार दिसायला लागलीत. पट्टी पत्त्याच्या पानाएवढी, तिच्यावर चार ओळी. पुस्तकात बोट ठेवून एकेक लावत गेलो. बांधणी — ऑगस्ट. रंग — पांढरा. सीट — लाल. चौथी ओळ चॅसीच्या नंबरची.

पांढरा? लाल? आपली गाडी हिरवी. बाबांनी रंगवली असेल. पण सांगितलं कसं नाही कधी? स्पार्क प्लग बदलला तरी जेवताना सांगायचे.

८ मार्च, शनिवार

डिकीच्या आत, कोपऱ्यात, ब्लेडने खरवडलं. हिरव्याखाली आकाशी. आकाशीखाली तांबडा प्रायमर, मग पत्रा. पांढऱ्याचा ठिपका नाही! मागच्या सीटखाली जुनं कापड सापडलं, ते राखाडी.

पार्टवाल्याला बोलावलं. त्याने टॉर्च मारला आणि हसला. "साहेब, कारखान्याच्या रिव्हेटचं डोकं फुलासारखं असतं. ही बाजारातली, गोल डोक्याची. पट्टी दुसऱ्याच गाडीची आहे." मग टॉर्च विझवून — "चोरीच्या गाड्यांना लावतात अशी."

बाबा आणि चोरी? अरे, गिऱ्हाइकाचा उरलेला नटसुद्धा पुडीत बांधून परत देणारा माणूस तो! चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, कुणी बोट दाखवलं नाही. पार्टवाल्याला चहाही न विचारता वाटेला लावलं.

९ मार्च

ताईला फोन केला. गाडीचे मूळ कागद तिच्याकडच्या पेटीत आहेत ना, विचारलं.

"बघते."

"बाबांनी गाडी कुणाकडून घेतली होती गं?"

तिकडे पेटीचं झाकण आपटलं. मग, "तुझं आपलं काहीतरीच, छोट्या! विकून टाक आणि मोकळा हो." दारावर कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तिला माहीत नाही असं होणार नाही.

मला काय माहीत? घरात सांगतात तेवढंच. मी पाच वर्षांचा असताना अपघातात आई गेली. मी मागच्या सीटवर होतो, मला खरचटलंसुद्धा नाही. ती गाडी बाबांनी भंगारात दिली, आम्ही ते शहर सोडलं, इथे आल्यावर ही गाडी घेतली. आईचा चेहरा ठाऊक आहे तो फोटोतला. आवाज तर मुळीच आठवत नाही.

११ मार्च

ताईचा फोन नाही.

१३ मार्च

रजा टाकली. पुस्तकात लिहिलंय, पट्टी बदलली तरी चॅसीवर ठोकलेला नंबर जात नाही. पुढचं उजवं चाक काढलं. रॉकेल, तारेचा ब्रश, दोन तास घासलं. आठ निघाला. मग एक, पुन्हा एक. "पुढे सात," मी मोठ्याने म्हणालो. गंज उडाला — सात! शून्यही आधी तोंडात आला, मग दिसला. शेवटचे चार, चार, नऊ तसेच. डोकं फिरलंय माझं. मीटरं वाचून वाचून दुसरं काय होणार!

पट्टीवरचा नंबर याच्याशी कुठेच जुळत नाही. म्हणजे पार्टवाला खरं बोलला.

१४ मार्च

नंबर तोंडातून जाईना. दाढी करताना, लोकांचे जिने चढताना. आठ एक एक — सात शून्य — चार चार नऊऊ! चक्क चालीत, शेवटचा नऊ लांबवून. "कसलं गाणं हो हे?" हिने विचारलं. म्हटलं, "बापाच्या चोरीचं." ती हातातलं काम टाकून बघत राहिली. वाईट बोललो.

पण करू काय? ज्या माणसाच्या जिवावर मी आयुष्यभर ताठ मानेने फिरलो, तो असा?

१५ मार्च

डॉक्टरांना कळवलं, पट्टी जुळत नाही. का, म्हणाले. मी फोन ठेवला. उद्या ते येणार नाहीत.

बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. हिने सरळ केला. मी पुन्हा फिरवला.

मग ताईला फोन. "कागद राहू देत. बाबा चोर होते, कळलं मला." तिकडे ती एकदम रडायलाच लागली. "तोंड सांभाळ, छोट्या! उद्या येते मी."

१६ मार्च, रविवार

ताईने पेटीच आणली. कागदांवर नाव आईचं. नंबर चॅसीवरचाच. कागदांखाली फडक्यात गुंडाळलेली मूळ पट्टी — आकाशी रंग, राखाडी सीट.

तीच गाडी. आई गेली ती.

"बाबांना भंगारात देववेना रे. दुरुस्त केली. पण दिसली की तू किंचाळायचास, मोरीत जाऊन लपायचास. मग रंग बदलला. शहर बदललं तशी नंबरप्लेट बदलली. राहिली ती पट्टी. तुला पाठ होती ना! बॉनेट उघडलं की आधी तिच्यापाशी जायचास. म्हणून भंगारातल्या गाडीची आणली. मी धरली, बाबांनी रिव्हेट ठोकली. तू आलास, एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलीस, 'ही आपली नाही' म्हणालास आणि आत जाऊन बसलास. बाबा तिथेच खाली बसले. कुणालाही सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला."

फोटो सरळ केला. त्यांच्याकडे बघवत नाही. माफ करा, बाबा.

१७ मार्च

ताई सकाळी निघाली. फाटकापाशी विचारलं, पाच वर्षांच्या पोराला एवढा लांब नंबर पाठ कसा? "आई आकडे शिकवायची तुला, त्या पट्टीवरून." आणि तिने आईच्या चालीत म्हणून दाखवला. आठ एक एक — सात शून्य — चार चार नऊऊ.

नऊ तारखेची शेवटची, आवाजाची ओळ खोडली.