‘उत्तर सात’च्या नोंदीत दुरुस्ती करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
राष्ट्रीय उद्यान व पर्वतक्षेत्र,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

(मा. क्षेत्राधिकारी, पायथा कार्यालय, यांचेमार्फत)

विषय : कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा, तसेच संदेश नोंदवहीतील दि. १८ मे रोजीच्या माझ्या हातच्या नोंदी व चौकशीतील माझा जबाब दुरुस्त करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दि. १२ सप्टेंबर.
२) वनरक्षक, वरची चौकी, यांच्या मृत्यूबाबत चौकशी समितीचा अहवाल, पान ६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, नोटिशीतील आरोप खरा आहे. दि. १ सप्टेंबरपासून सकाळी आठच्या हजेरीत ‘उत्तर सात’ या, म्हणजे वरच्या चौकीच्या, क्रमांकावरून आलेल्या हाकेला मी सलग अकरा दिवस उत्तर दिलेले नाही. यंत्रात बिघाड नाही. माझे कानही ठीक आहेत, तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. त्याच दिवशी वरच्या चौकीवर रुजू झालेले नवे वनरक्षक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांचा आवाज जाडाभरडा आहे, आधीच्यांच्या आवाजाशी त्याचे काही साम्य नाही. तरीही “उत्तर सात हजर” हे शब्द कानावर पडले की माझा अंगठा बटणावर जातो आणि तिथेच राहतो. याचे कारण देण्यासाठी मला चार महिने मागे जावे लागत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

२. मी पायथा कार्यालयाच्या वायरलेस कक्षात बावीस वर्षे चालक म्हणून काम करते. त्यांपैकी सोळा वर्षे ‘उत्तर सात’ म्हणजे दिवंगत वनरक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. वर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते चौकीसमोरच्या दगडावर बसवून बुटाच्या नाड्या सोडायला आणि पुन्हा नीट बांधायला लावत. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनाही त्यांनी तीन वेळा बांधायला लावल्या होत्या. आपल्याकडे त्याबद्दल तक्रारही आली होती, ती आपल्याला आठवत असेल.

३. दि. १८ मे रोजी सकाळी ११.४० वाजता वायरलेस कक्षातील फोनवर एका गिर्यारोहकाने कळवले की, खिंडीखालच्या एका अरुंद कपारीवर त्याच्या बहिणीचा पाय मोडला आहे, गारा पडत आहेत आणि धुक्यात पुढचे दिसत नाही. मी बहिणीशीही बोलले. “मला पाय जाणवत नाहीये,” असे ती दोनदा म्हणाली. पाच मिनिटांनी भावाचाच आवाज राहिला आणि मग फोनच बंद पडला.

मी ताबडतोब मा. क्षेत्राधिकारी साहेबांना कळवले. बचाव पथक शहरातून निघायचे होते. ते येईपर्यंत कोणीही चौकी सोडू नये, असा आदेश साहेबांनी १२.०५ वाजता फोनवरून दिला आणि ते पथकाला घ्यायला फाटकावर गेले. तो आदेश चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. हवा खरोखरच वाईट होती.

मी आदेश मास्तरांना सांगितला. नोंदवहीत “१२.०९. आदेश कळवला. पोच मिळाली.” असे आहे. ते खरे आहे, पण अर्धेच. पोच दिल्यावर मास्तरांनी विचारले, “ताई, ती पोरगी बोलतेय का अजून?”

मी म्हटले, “आता नाही. भाऊ रडत होता.”

मग ते म्हणाले, “पथकाला चार तास लागतील. मला दोन. तुमचं काय म्हणणं?”

महोदय, वायरलेसवर माझे म्हणणे बावीस वर्षांत कोणी विचारलेले नाही. चालकाने निरोप इकडून तिकडे द्यायचा असतो. मी म्हटले, “जा, मास्तर.”

“निघालो,” ते म्हणाले.

४. समितीने मला दोनच प्रश्न विचारले. आदेश कळवला का? कळवला. त्यांना तो समजला का? समजला. मी दोन्हींना ‘होय’ म्हटले आणि सही करून बाहेर आले. त्यावरून अहवालाच्या पान ६ वर शेरा आला की, वनरक्षकाने आदेश मिळूनही स्वतःच्या मर्जीने चौकी सोडली. या शेऱ्यामुळे कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांच्या प्रवेशकक्षातील दगडी फलकावर त्यांचे नाव कोरलेले नाही. इतकेच नव्हे, तर ऑगस्टमधील प्रशिक्षण वर्गात ‘आदेश मोडल्याचे परिणाम’ या धड्यात त्यांचे उदाहरण देण्यात आले. यंत्राची माहिती द्यायला मी त्या वर्गात बसले होते. समोर एकोणीस उमेदवार वहीत लिहून घेत होते. माझी पाळी आली तेव्हा मी उठून यंत्राची माहिती दिली आणि परत येऊन बसले.

५. येथपर्यंतचा मजकूर मी यापूर्वी दोनदा लिहून फाडला आहे. पुढचा मजकूर प्रथमच लिहीत आहे.

मास्तर २.२० वाजता त्या दोघांपर्यंत पोचले. बहिणीच्या पायाला काठ्या बांधल्या, स्वतःचा जाड कोट आणि हातमोजे तिला घातले आणि दोघांना कपारीच्या आतल्या पोकळीत नेले. ३.१२ वाजता त्यांचा निरोप आला, “दोघं आडोशाला आहेत. पथकाला ही जागा सापडायची नाही. मी वर जाऊन धारेवर निशाण लावून येतो.” नोंदवहीत यानंतर एकच ओळ आहे : “३.१२ नंतर संपर्क नाही.”

ही ओळ खोटी आहे.

३.२० वाजता यंत्रातून दगड घसरल्यासारखा आवाज आला. मी पाच-सहा हाका मारल्या. उत्तर आले नाही, पण बटण दाबल्याचा ‘टक्’ असा आवाज आला. माणसाला बोलणे शक्य नसेल तर एकदा दाबणे म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही, हे आपल्या प्रशिक्षणातच आहे. मी विचारले, “मास्तर, घळीत पडलात का?” एकदा. “निशाण लावून झालं होतं?” एकदा. “हलता येतंय?” दोनदा. “फार दुखतंय का?”

थोड्या वेळाने दोनदा. मास्तर माझ्याशी खोटे बोलले असे माझ्या माहितीत तेवढे एकदाच.

यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचे म्हणणे असे की, आत पाणी शिरले की असे आवाज आपोआप येतात. तसे येतात हे मलाही माहीत आहे. पण पाणी प्रश्न संपेपर्यंत थांबत नाही.

६. ३.४० वाजता पथकाच्या वेगळ्या वाहिनीवर पथकप्रमुखांचा निरोप आला. ते धारेवर, निशाणाजवळच्या फाट्याशी पोचले होते. डावीकडे कपार, उजवीकडे घळ; तिकडे दगड घसरल्याचे मी त्यांना आधी कळवले होते. ते म्हणाले, “या धुक्यात माणसं विभागणार नाही. आधी कुठे जायचं तेवढं सांगा.” मी त्यांना थांबायला सांगून मास्तरांना विचारले, “पथक फाट्यावर आहे. आधी तुमच्याकडे पाठवू?”

दोनदा. लगेच.

मी पुन्हा विचारले. पुन्हा दोनदा. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा दोनदा दाबून बटण तसेच दाबून धरले. त्यात फक्त वारा ऐकू येत होता. त्यांनी असे बटण धरून ठेवणे म्हणजे रागावणे, हे सोळा वर्षांच्या सवयीने मला कळले.

मी पथकप्रमुखांना म्हटले, “डावीकडे जा. आधी ते दोघं.” त्यांनी विचारले, “आणि वनरक्षक?” मी म्हटले, “संपर्क नाही.” ते जिवंत आहेत असे सांगितले असते तर पथक आधी उजवीकडे वळले असते. एकदा पथकाला तसे सांगितल्यावर नोंदवहीत वेगळे लिहिण्याची हिंमत मला झाली नाही. पथक ४.२५ ला भावंडांपाशी पोचले. मास्तर ५.३० ला सापडले. बहीण आज कुबडी न घेता चालते, असे ऐकते.

मी दुसरे काही सांगितले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी चार महिने रोज करत आहे. तो लागत नाही.

७. ३.२० ते ४.०१ या वेळात मी मास्तरांशी बोलत होते. ते बोलणे शासकीय नव्हते. आधी हवामानाचे आकडे सांगितले. मग माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतो आणि प्लंबर आज येतो उद्या येतो करतो, ते सांगितले. विषय संपले तेव्हा खिडकीतून दिसत होते ते सांगत सुटले : झेंड्याचा खांब, सायकलींची रांग, ओल्या भिंतीवर अंग चोरून बसलेली एक मांजर. ४.०१ वाजता एकदा ‘टक्’ झाले. मी तेव्हा काहीच विचारलेले नव्हते. ते ‘होय’ कशाला होते, मला माहीत नाही. त्यानंतर काही आले नाही. मी तरीही साडेपाचपर्यंत बोलत राहिले.

म्हणून महोदय, ‘उत्तर सात’ अशी हाक आली की मला प्रथम असे वाटते की माझ्या पुढच्या वाक्याची कोणीतरी वाट पाहत आहे.

८. मास्तरांच्या पत्नी पायथ्याच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत. त्या संध्याकाळी खाली आणलेल्या बहिणीचा पाय त्यांनीच साफ केला. अंगावरचा कोट कापून काढताना तो कोणाचा आहे हे त्यांना कळले. नंतर साहेबांनी त्यांना सांगितले की, सगळे क्षणात झाले, त्रास झाला नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “खरं ना, ताई?” मी मान हलवली.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन वरील सर्व सांगितले. कपडे घड्या करता करता त्या ऐकत होत्या. मी पथकाचे सांगितले तेव्हा घड्या थांबल्या. “चार महिने,” एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून त्यांनी दार उघडले. मी निघून आले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्या वायरलेस कक्षात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, “काय बोलत होतीस त्यांच्याशी? सगळं सांग. गाळू नकोस.” मी सांगितले. मांजरीपाशी आल्यावर त्या एकदम हसल्या. “मांजर बघितली की अंगावर काटा यायचा त्यांच्या. दुसरं काही मिळालं नाही तुला?” मला माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही. जाताना म्हणाल्या, “लिहून दे. तुझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो.”

९. सबब नम्र विनंती की,

अ) अहवालाच्या पान ६ वरील शेरा रद्द करावा व वनरक्षक माझ्या सांगण्यावरून निघाले अशी नोंद घ्यावी. तसे सांगण्याचा मला अधिकार नव्हता, हेही लिहावे.

आ) प्रशिक्षण वर्गातील ते उदाहरण बंद करावे. ज्या एकोणीस उमेदवारांनी ते लिहून घेतले, त्यांना लेखी कळवावे. शक्य नसल्यास मला त्यांच्या नेमणुकीच्या ठिकाणी जाऊन सांगण्याची परवानगी द्यावी, मी स्वतःच्या रजेत जाईन.

इ) “३.१२ नंतर संपर्क नाही” ही ओळ खोडून “४.०१ पर्यंत संपर्क होता” असे लिहिण्यास मंजुरी मिळावी. खाडाखोड चालत नसेल तर समासात लिहीन. अक्षर लहान काढीन.

ई) माझ्यावर होणारी कारवाई मला मान्य आहे. ती होईपर्यंत मला कक्षातून हलवू नये. हजेरीला उत्तर देण्याचा प्रयत्न मी करीन.

कळावे, आपल्या निर्णयाची वाट पाहत आहे.

आपली आज्ञाधारक व या प्रकरणी दोषी,

(सही)
वायरलेस चालक, पायथा कार्यालय
दिनांक : २६ सप्टेंबर

सोबत :
१) कान तपासणीचा अहवाल.
२) संदेश नोंदवही, दि. १८ मे, दोन पानांची प्रत.
३) मास्तरांच्या पत्नीची चिठ्ठी. पाकीट बंद केलेले नव्हते, त्यांच्या सांगण्यावरून मी ती वाचली आहे. मजकूर असा : “अर्जात लिहिलंय ते मी वाचलं. मी त्या जागी असते तर ‘जा’ म्हटलं नसतं, आणि पथकही उजवीकडे पाठवलं असतं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं नसतं. हिला विचारलं. हिने त्यांचं ऐकलं, तेवढं लिहून ठेवा.”