माझ्या बाळंतपणाची हकीकत

आदरणीय ताईस, धाकट्या उग्येनचा वाकून नमस्कार.

थिंफूच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. (लोणी घातलेला चहा बंद कर असं डॉक्टर म्हणाला असेल, तर त्याचं नावही कळव.) मी ठणठणीत आहे. परवा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, माझी सुखरूप सुटका झाली. मुलगी आहे.

दचकू नकोस. आरोग्य केंद्रातल्या चिमी सिस्टरला सरकारने बोट लावून नोंदी करायची काचेची पाटी दिली. वह्या बंद, सगळं पाटीवर. आपल्या लामांनी नावं देताना अख्ख्या खोऱ्याला आठ-दहा नावांत बसवलंय, तेही बाप्या-बाई न बघता. वरच्या वाडीतल्या उग्येन छेरिंगला दिवस गेले, ते नोंदवताना चिमीचं बोट पडलं माझ्या नावावर. पाटीने हरकत घेतली नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी जिल्ह्याच्या कचेरीतून एका पोरीचा फोन. आवाज ऐकून तिने मला सासरा ठरवलं. "आजोबा, उग्येनचं कसं चाललंय?" मी खरं तेच सांगितलं: पाय सुजतात, रात्री तीनदा उठावं लागतं, मिरची-चीज पचत नाही. "होतं हो असं या दिवसांत. जड उचलायचं नाही." मी सरपण शेजाऱ्याकडून आणवू लागलो. लोहाच्या गोळ्याही घरपोच आल्या. (चेहऱ्यावर तेज आलंय म्हणतात.)

पाटीच्या हिशोबाने दिवस भरले, आणि परवा सकाळी दारात रुग्णवाहिका! चिमीने मला बघून कपाळावर हात मारला. "आजोबा, तुम्ही? मग ती कुठाय?" मी तसाच गाडीत चढलो, वरच्या वाडीचा रस्ता दाखवला. तिला पहाटेपासून कळा येत होत्या आणि नवरा तिला घोड्यावर बसवायच्या बेतात होता. तासाभरात केंद्रात बाळ रडलं. दोघी छान आहेत. चिमीने पाटीवरची नोंद दुरुस्त केली, शिवाय एक जाडजूड वहीही विकत आणली.

तुझा,
उग्येन

ता. क. हसू नकोस, खरं सांगतो. तिसऱ्याच फोनवर पोरीने विचारलं, "बाळ हलतंय ना?" तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी मी म्हणालो, "हो, चांगलं हलतंय." वरच्या वाडीतल्या त्या बाईला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. काल अंडी घेऊन वर गेलो, तिचे पाय धरले. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

आणखी एक. तुझी भावजय देकी गेल्यापासून चार वर्षांत, जेवलात का, झोप लागली का, असं त्या पोरीखेरीज कुणी विचारलं नाही. आज गुरुवार. फोन आला नाही. तर दर गुरुवारी नऊच्या सुमाराला तू करशील का? फार बोलायचं नाही. पाय सुजलेत का, एवढंच विचार.