वाढत्या अंगाची सायकल

५ एप्रिल
भिंगरीची शाळा संपली. सहा वर्षांच्या मुलीला सायकल असावी, हे तत्त्वतः मान्य केलं. समोरच्या बँकवाल्यांच्या मुलीला गेल्या महिन्यात आली म्हणून नव्हे. त्याचा काही संबंध नाही. बँकवाले दुकानात गेले आणि समोर दिसली ती उचलून आणली. आपल्यात तसं नसतं. आसपासच्या सगळ्या शाळांचे युनिफॉर्म आपल्या मशीनखालून जातात. माप घेतल्याशिवाय आपण कात्री उचलत नाही.

६ एप्रिल, दुकान उघडण्याआधी
भिंगरीचं माप घेतलं. कंबर ते टाच, बगल ते मूठ. सवयीने छातीही घेतली. सायकल आणायची आहे की शिवायची, असं बायकोने विचारलं. मापं वहीत उतरवली.
संकल्प: शिकवायची मीच. मागून सीट धरायची आणि बरोबर वेळ साधून सोडायची. पोरगी म्हातारी झाली तरी सांगत राहिली पाहिजे की मला माझ्या बाबांनी शिकवली. माझ्याकडून ती दुसरं काय शिकणार? काजं करणं?

९ एप्रिल
सायकल घेतली! सायकलवाल्याला धंद्याचं ज्ञान कमी. भिंगरीकडे नुसतं पाहिलं आणि सोळा इंची पुढे केली. टेप खिशातून काढूही दिली नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणे. मी विचारलं, आणि पुढच्या वर्षी? तो म्हणाला, पुढच्या वर्षी ती मोठी होईल. अरे, मी तेच म्हणतोय! येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी सांगतो, वाढत्या अंगाचं घ्या. आत चार बोटं कापड दुमडून दाब ठेवला की पँट दोन वर्षं जाते. वीस इंची पसंत केली. सायकलला दाब नसतो, असं तो दोनदा म्हणाला. उद्धट माणूस.
भिंगरी सोळा इंचीची घंटी वाजवत उभी होती. तुला याहून मोठी घेतली, असं सांगितलं. तिने विचारलं, कशाला? लहान मुलांना दूरदृष्टी नसते.

१० एप्रिल
पहिला धडा. पाय पेडलला पुरत नाहीत. सीट अगदी तळाला नेली. तरी नाही. किरकोळ अल्टरेशन, दुसरं काही नाही. ब्लेझरचे शोल्डर पॅड पडून होते, ते पेडलवर पक्के शिवून टाकले. पाय पुरले! ही अक्कल बँकेत शिकवत नाहीत. जमिनीला मात्र अजून पुरत नाहीत. पण सायकल चालवायची असते, उभी कशाला करायची?

१२ एप्रिल
भिंगरी पडली. गुडघा फुटला. उभं राहायला गेली आणि पाय हवेतच राहिला. दोष रस्त्याचा, एका बाजूला उतार आहे. पोरगी ओठ दाबून रडत होती, ते काही बघवलं नाही. बायको म्हणाली, बदलून आणा. दिलेलं माप मी आजवर परत घेतलेलं नाही.
बँकवाले गॅलरीतून म्हणाले, आमच्या छोटीची सायकल घेऊन शिकू दे. गोड बोलून नकार दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, असं भिंगरीला बजावलं. तिने बायकोकडे पाहिलं. बायको डाळ निवडत होती.

१५ एप्रिल
युनिफॉर्मचा सीझन. मान वर करायला सवड नाही. धडा रविवारी.

१७ एप्रिल
भिंगरी सायकलचा विषयच काढत नाही. धसका घेतला असणार. मला वाईट वाटतं. दुपारभर खाली खेळते आणि घामाघूम होऊन येते. आज फ्रॉकच्या घेराला काळं तेल होतं. शिलाई मशीनजवळ खेळायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. तिने लगेच कबूल केलं. गुणी पोर आहे.

२१ एप्रिल, रविवार
चमत्कार! भिंगरीला सीटवर बसवलं, मागून धरलं. ती सारखी ओरडत होती, बाबा, सोडू नका. मी थोडा पळालो आणि बरोबर वेळ साधून सोडलं. गेली! सरळ खांबापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि पडायच्या आत मी पकडली. तिसऱ्याच धड्यात! डोळ्यांत पाणी आलं, ते धूळ गेली म्हणून पुसलं. बायकोला म्हटलं, बघ, शिकवणारा लागतो. ती म्हणाली, हो तर. खरं सांगायचं तर एवढा आनंद मला दुकान उघडलं तेव्हाही झाला नव्हता.

२२ एप्रिल
बँकवाले पँट कमरेत सैल करून घ्यायला आले. माप घेता घेता कालची हकिकत सांगितली. ते म्हणाले, हो, आमची छोटी सांगते ना, तुमची भिंगरी आता एक हात सोडून चालवते. कुठली, विचारलं. म्हणाले, आमचीच. गुडघा फुटला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. एका दुपारीत शिकली, छोटीनेच शिकवली. कमरेचं माप दोनदा चुकलं.
घरी बायकोला विचारलं. तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मग काल ती सोडू नका, सोडू नका असं का ओरडत होती? बायको म्हणाली, तिलाच विचारा.
विचारलं. भिंगरी म्हणाली, तुम्हाला शिकवायचं होतं ना.
रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही.
रविवारी पुन्हा शिकवा, म्हणाली. आता तुम्हाला सोडायला चांगलं जमतं, असंही म्हणाली.