परक्या भिंतीतली सळई

सर, तुम्ही गेल्यानंतर मंठ्याला माझं जाणं राहिलंच नाही. काकू मुलीकडे राहायला गेल्या, घर दुसऱ्या कुणी घेतलं, आणि तिथं उतरायला मला कारण उरलं नाही. आज रविवार आहे. नवीन जालन्यातल्या माझ्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. इथल्याच एका कॉलेजात मी आता तुमचाच विषय शिकवते, राज्यशास्त्र. मला तासिका तत्त्वावर पहिले तास मिळाले तेव्हा तुम्ही होतात. पेढा हातात घेऊन म्हणाला होतात, "लागलीस ना, मंग आता नोट्स सांगून पोरांना मारू नको." मी नोट्स फारशा सांगितल्या नाहीत, सर. त्यातून पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे.

इराकवर बॉम्ब पडत होते तेव्हाचं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बियाण्याच्या दुकानातून मागून आणलेली पोस्टरं फरशीवर उलटी पसरलेली आहेत, आम्ही पोरंपोरी त्यांच्या कोऱ्या पाठीवर रंगानं घोषणा लिहून राह्यलोत, आणि काकू आमच्या पायांवरून पाय टाकत तव्यावर धपाटे लावतायत, रंग पिठात पाडू नका म्हणून बजावतायत. पोस्टर उन्हात धरलं की घोषणेतून पलीकडचं कापसाचं टपोरं बोंड दिसायचं. ती घेऊन आपण आठवडी बाजारात कांद्याबटाट्याच्या ओळीशी उभे राहिलो. एका म्हाताऱ्यानं कुठल्या पक्षाचं आहे विचारलं. तुम्ही कुठल्याच न्हाई म्हणालात, तर त्याला खरं वाटेना. एका बाईनं उन्हात उभ्या लेकरांना म्हणून पेरू दिले. लोक हसले, पुढं गेले. परत येताना मी विचारलं, याचा उपयोग काय सर? तुम्ही रस्त्यातच थांबलात. इतके चिडलेले मी तुम्हाला पहिल्यांदाच पाहत होते.

"उपयोग विचारायला आपण काय बियाणं पेरून आल्तो का? उद्या कुणी म्हणलं, तिकडं माणसं मरत होती तेव्हा मंठ्यात कुणाला माहीत होतं का, तर हो म्हणता आलं पाहिजे. एवढंच हाय ते."

सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला तेव्हा रडू आलं होतं. नंतर तेच वाक्य माझ्याजवळ राहिलं. दर वर्षी परराष्ट्र धोरणाचा पाठ आला की मी ते वर्गात सांगते. सांगत होते.

घनसावंगीकडच्या एका खेड्यातला मुलगा माझ्या वर्गात होता. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. पहाटे पोलीस भरतीच्या अकॅडमीत पळायला जायचा, मग कॉलेज, आणि सुट्टीत एका ठेकेदाराकडे स्लॅबच्या सळया बांधायला. त्याच्या बोटांना तारेचे ओरखडे कायम असायचे. गाझातल्या बातम्या रोज येत होत्या तेव्हा तो तास संपल्यावर माझ्यामागं स्टाफरूमपर्यंत आला. लढाई थांबवा म्हणायच्या संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावावर आपला देश तटस्थ का राहिला, हे त्याला समजून घ्यायचं होतं. मी त्याला शिकवतात तसं शिकवलं, अलिप्तता काय होती, हितसंबंध काय असतात, शस्त्रं कुठून येतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग मॅडम, तटस्थ आणि गप्प यांच्यात फरक काय?" मला इतका आनंद झाला, सर. इतक्या वर्षांत असा प्रश्न वर्गातून आला नव्हता. त्या दिवशी तुम्ही असायला हवे होतात असं वाटलं.

त्यानंच पोरं जमवली. कॉलेजच्या फाटकाबाहेर तोंडाला काळी पट्टी बांधून, पाट्या धरून गप्प उभं राहायचं, एवढंच ठरलं. कुणाला शिव्या नाहीत, कुठला झेंडा नाही. पाटीवर, लेकरं कुणाचीही असोत, मारू नका. मीही त्यांच्याबरोबर उभी राहिले. येणारेजाणारे थांबत होते. मोटारसायकलवरचा एक माणूस म्हणाला, इथं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा न्हाई अन् यांना तिकडचं पडलंय. आणखी एकानं मोबाइल वर धरला. मंठ्याच्या बाजारात लोक हसले आणि विसरले. इथं घरी पोहोचेपर्यंत ती चित्रफीत सगळ्या जालन्यात फिरली होती. पोरं कुणाच्या पैशावर उभी राहिली, त्यांना कोणत्या देशात पाठवायला पाहिजे, हे आपल्याच ओळखीचे लोक लिहीत होते. पोलिसांनी सगळ्यांना बोलावलं, नावं विचारली, समज दिली आणि सोडलं. गुन्हा दाखल झाला नाही. मला वाटलं, निभावलं.

त्या पोरांत एक मुसलमान मुलगी होती. बोलायची कमी, लिहायची सुंदर; पाट्यांवरचं अक्षर तिचंच होतं. तिचे वडील पंखे दुरुस्त करतात. ते तिचा दाखला काढायला आले तेव्हा मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवून समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमचं बराबर आहे मॅडम. पण दुसऱ्याच्या पोराला लोक बिनडोक म्हणतील, माझ्या पोरीला वेगळंच काहीतरी म्हणतील." ती दाराबाहेर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं लग्न झालं, असं नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

त्या मुलाला भरतीच्या अकॅडमीतल्या सरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको, तुझ्यामुळं बाकीच्या पोरांची चौकशी व्हायची. कुठला नियम होता असं नाही. त्या माणसाला भीती वाटली, एवढंच. गावात मुलाच्या वडिलांना लोक पारावर विचारू लागले की पोरगं कुण्या देशाचं हाय. वडिलांनी त्याला मारलं नाही, रागावले नाहीत. शिक्षण बास म्हणाले आणि ठेकेदाराकडे कायमचं लावून दिलं. मी गावी जाऊन आले. त्याच्या आईनं मला चहा दिला, नीट बोलल्या, आणि निघताना म्हणाल्या, बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं बोललेलं चालतंय, आमच्यासारख्याचं पोरगं बोललं की दिसतंय. एसटीत परत येताना मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला त्यांचा राग येत नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

मग तो घरी आला, याच स्वयंपाकघरात, तुम्ही यायचात तसाच पाय धुऊन. हातात मिठाईचा पुडा होता. मला वाटलं, परीक्षेला बसायचं ठरवलं असेल. म्हणाला, परदेशात कामाला चाललोय, सळई बांधायच्या कामाला माणसं घेऊन राह्यलेत, परीक्षा झाली, हात जल्दी चालतो म्हणून लगेच पास केलं. कोणत्या देशात, विचारलं, तर खाली बघून म्हणाला, "इस्रायल." पोलिसांत काही नोंदच नव्हती, त्यामुळं पासपोर्ट बिनबोभाट निघाला होता.

मी गॅस बंद केला. तुला माहीत आहे ना कुठं चाललास, असं काहीतरी विचारलं. माहीत होतं त्याला, माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. आधी तिथं जी पॅलेस्टिनी माणसं सीमेपलीकडून कामाला यायची त्यांना आता येऊ देत नाहीत, त्यांच्या जागी आम्ही, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. "तुम्हीच शिकवलं ना मॅडम, परराष्ट्र धोरण म्हंजे दोन देशांतला करार. मंग त्यातलाच मी एक." त्यात टोमणा नव्हता. वर्गात उत्तर द्यावं तसं बोलला. मी म्हणाले, नको जाऊ. तो म्हणाला, मंग काय करू? सर, तुम्ही असतात तर तुमच्याकडे त्याला द्यायला काही असतं का? मी तेव्हापासून शोधते आहे. तो कप विसळून ठेवून उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "तिकडं गप्प ऱ्हावं लागतंय म्हणे. ते बराबर जमंल मला आता."

तो गेला. मधूनमधून त्याचा फोन येतो. तिथं प्रत्येक नव्या घरात एक जाड भिंतीची खोली बांधावी लागते, भोंगा वाजला की घरच्यांनी आत जाऊन बसायचं. त्याच भिंतींच्या सळया तो बांधतो. म्हणाला, "लई दाट बांधतो मॅडम, ढिली गाठ सोडत न्हाई. आत लेकरंच बसणार ना." मग हळूच म्हणाला, "पलीकडं अशी खोली न्हाई कुणाला."

सर, ज्या पोराला तटस्थ आणि गप्प यांच्यातला फरक विचारता आला, तो आज तिथं तारेच्या गाठी मारतो आहे, आणि पलीकडं जे व्हायचं ते त्याच्या उभं राहण्यानं एका क्षणानंही लांबलं नाही. तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणून बघते. हो म्हणता आलं पाहिजे. कुणाला म्हणायचं सर? विचारायला कोणी आलंच नाही. ज्यांना माहीत होतं, त्यांच्यातली एक मुलगी वही मिटून घरात बसली आणि एक तिकडं गेला. ज्यांनी चित्रफीत फिरवली ते रोज सकाळी मला नमस्कार करतात, आणि मीही त्यांना करते. तुम्ही खोटं बोललात असं नाही म्हणत मी. तुमच्या वेळी त्या वाक्याची किंमत थोडं ऊन आणि थोडं हसू एवढीच पडली, आणि ती तुम्ही स्वतः उन्हात उभे राहून दिलीत. आता किंमत पोरं देतात. यंदा परराष्ट्र धोरणाचा पाठ आला तेव्हा मी फळ्यावर मुद्दे लिहिले आणि पोरांनी ते उतरवून घेतले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला होता. मी घड्याळाकडे बघितलं, तिनं हात खाली घेतला.

परवा त्यानं बोलून पाठवलेला संदेश आला. भोंगा वाजला होता, त्यानंच बांधलेल्या तसल्या एका खोलीत बसून बोलत होता, मागं माणसांचे आवाज येत होते. सुखरूप आहे म्हणाला. आणि मग विचारलं, "मॅडम, तो पाठ अजून तसाच शिकवता ना?"

मी ते चार-पाच वेळा ऐकलं. उत्तर दिलेलं नाही. आज सकाळी त्यालाच लिहायला बसले होते, त्याचं नाव लिहून झालं होतं. पुढं एक ओळ सुचेना, म्हणून नाव खोडलं आणि वर तुम्हाला हाक लिहिली. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर. तुम्ही उलट काही विचारत नाही.