कोरडा छत्तीस, ओला एकतीस

कळवण,
१९ मे २०२४

चि. योगिनी,

आशीर्वाद. नाशिकला तू आणि तुझी आई बऱ्या असाल, असं धरून लिहितो. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. इकडे तांबडी गाय व्याली, कालवड झाली. विहिरीत पाणी अजून सतरा फूट.

आईला घेऊन जाताना तू म्हणालीस, "आप्पा, तुमच्या आकड्यांनी तिला आडवं केलं." तर आकड्यांचं ऐक. मी दहावी नापास, पण तेरा वर्षं रोज दुपारी अडीचला बांधावरचे दोन्ही थर्मामीटर वाचतोय. एक कोरडा, दुसऱ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा दमट असली की फडकं सुकत नाही आणि तो पारा चढा राहतो. अंगावरच्या घामाचंही तसंच.

शिवारात मका दाट झाला तशी मे महिन्यातली दुपार दोन अंशांनी उतरली. पानं पाणी हवेत सोडतात, त्यात ऊन खर्ची पडतं. हे मी ग्रामसभेत छातीठोक सांगितलं, तर आपल्या बांधाशेजारचा कारभारी म्हणाला, "आप्पा, मग म्हातारीचं स्वेटर काढून ठेवू का?" सगळे हसले. पुढच्या उन्हाळ्यात त्यानंही मकाच लावला. माझा एकही आकडा खोटा नाही. तुझ्या कॉलेजातल्या सरांना आण, तपासू देत. शेखरमामा म्हणतात मका उपटा. उपटणार नाही.

मात्र तेच पाणी मक्याच्या आत कोंडतं. पुरुषभर पिकात वारा शिरत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सहा वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलंय.

दोन तारखेला आई पडली त्याचं डॉक्टरांना मी सांगितलं, की ती उपाशीपोटी कणसं मोडायला गेली. ती जेवली होती. दोन भाकरी. दोनदा बाहेर आली, म्हणाली, "लय कोंदटलंय आत, जीव घाबरतोय."

मी म्हणालो, छत्तीसच तर आहे, गेल्या साली एकोणचाळीस होतं.

"अन् फडक्यावाल्यात?"

मी म्हणालो, फडकं वाळलंय. वाळलं नव्हतं. एकतीस होतं. एकतिसाला मी बैलसुद्धा जुंपत नाही. पण बांधावर कारभारी उभा होता, ऐकत. ती परत आत गेली आणि अर्ध्या तासानं तिला आम्ही दोघांनी उचलून आणलं.

पुढच्या उन्हाळ्यातही मका लावणार. चावडीच्या फळ्यावर आता रोज दोन्ही आकडे लिहितो. ओला अठ्ठावीसवर गेला की माणूस पिकाबाहेर. हे कशापायी, कारभाऱ्यानं विचारलं. त्याला सगळं सांगितलं. तो चहा तसाच ठेवून गेला.

आईला घ्यायला मी येत नाही. चल म्हणायचा हक्क सध्या माझा नाही. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव, शेखरमामा समोर बसलेले असले तरी. एक ओळ गाळू नकोस. ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव, शिवी असली तरी शिवीसकट.

एकीखेरीज कुणापुढे न वाकणारा,
तुझा आप्पा