मैदान क्रमांक सातवरील जड वाहन

प्रति,
मा. अधीक्षक,
मैदाने व मोकळ्या जागा देखभाल कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : कडूबा पुंजाराम शिंगाडे, वय ४९, धंदा नोकरी (वरिष्ठ लिपिक), रा. गारखेडा परिसर, मूळ रा. मौजे पाचोड, ता. पैठण.

विषय : पहारेकरी श्री. फकिरा यांच्यावरील कारवाई रद्द करणेबाबत, तसेच अर्जदाराच्या सायकलीची नस्ती बंद न करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस क्र. मैदे/जड/११८, दि. १४ जुलै २०२५. २) आपली त्रुटीपत्रे, एकूण सहा. ३) आपले पत्र दि. २७ ऑक्टोबर २०२५, ज्यान्वये प्रकरण निकाली काढले.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार स्वतः सव्वीस वर्षे शासकीय सेवेत असून त्यापैकी अठरा वर्षे आवक-जावक टेबलावर बसला आहे. या काळात त्याने असंख्य लोकांचे अर्ज 'त्रुटी' असा शेरा मारून परत केले. त्यामुळे त्रुटी काढण्याबद्दल त्याच्या मनात कसलाही आकस नाही, आदरच आहे. तथापि प्रकरण नीट ध्यानात येण्यासाठी ते मुळापासून सांगणे भाग आहे.

१. अर्जदाराचे वडील कै. पुंजाराम हे मेंढपाळ. त्यांची हयात चालण्यात गेली. चहासुद्धा ते उभ्यानेच पीत. अर्जदारास नोकरी लागली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटून सांगितले की, पोरगं आता बसून खाणार. अर्जदाराने वडिलांचा शब्द खाली पडू दिला नाही. तो बसला व त्याने खाल्ले. जून २०२५ मध्ये त्याचे वजन १२४ किलो भरले. डॉ. तहरीम यांनी रक्ताचा अहवाल पाहून सांगितले, "काका, चालायला लावलं तर तुमचे गुडघे जातील. सायकल घ्या. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर मी इन्सुलिन सुरू करणार, मग माझ्याशी वाद घालायचा नाही." अर्जदाराने ही गोष्ट घरी आईच्या, म्हाळसाबाईंच्या, कानावर घातली. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले व म्हणाल्या, "आपल्या घरात मेंढरू एवढं फुगलं की त्याचं कौतुक करीत नाय बाबा. त्याला बाजार दावतेत." अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी सायकल घेतली.

२. सायकल गुलमंडीजवळच्या श्री. कय्युम यांच्या दुकानातून घेतली. त्यांनी वजन विचारले असता अर्जदार "शंभरच्या आतबाहेर" असे बोलला. पहिल्याच दिवशी घराच्या गल्लीत मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले. सायकल हातात धरून अर्जदार परत गेला, तेव्हा कय्युमभाई चाक फिरवून बघत म्हणाले, "डॉक्टरला खोटं सांगा, बीवीला सांगा, मेरेकू नक्को. चाकाला कळतं, साहेब." अर्जदाराने मान खाली घालून खरा आकडा सांगितला. तो आकडा त्याने त्या दिवसापर्यंत घरातही मोठ्याने उच्चारला नव्हता. कय्युमभाई हसले नाहीत. त्यांनी मागे चाळीस स्पोकांचे चाक बांधले, जुन्या पद्धतीची रुंद स्प्रिंगची सीट बसवली आणि म्हणाले, "आता ही तुम्हाला टाकणार नाही. तुम्ही हिला टाकू नका."

सीट रुंद असली तरी अर्जदार पुढील आठ दिवस कार्यालयात उभ्यानेच काम करत होता. कामासाठी येणाऱ्या नागरिकांनी तो आपल्याप्रती आदर समजून दोनदा आभार मानले.

३. दि. ७ जुलै रोजी सकाळी साडेपाच वाजता अर्जदार सायकलीसह आपल्या अखत्यारीतील मैदान क्र. ७ वर हजर झाला. रस्त्यावर चालवण्याचे धाडस त्याच्याजवळ नव्हते. लहानपणी तो सायकल शिकला होता खरा, पण ते शरीर आता राहिले नव्हते. दीड फेरी झाल्यावर वळणावर तोल जाऊन तो लांब उडीच्या वाळूत पडला. चालायला आलेली मंडळी थांबली. त्यांचे ते थांबणे त्याच्या जिवाला फार लागले. त्याला उठवायला पहारेकरी फकिरा धावत आले. खांद्याला धरून त्यांनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा अर्जदार उठला. नंतर फकिरा यांनी नियमाप्रमाणे नोंदवही पुढे ओढली. त्या वहीत वाहनाच्या प्रकारासाठी दोनच रकाने आहेत : हलके व जड. फकिरा यांनी थोडा वेळ सायकलीकडे पाहिले, थोडा वेळ अर्जदाराकडे पाहिले आणि 'जड' या रकान्यात खूण केली. अर्जदार चिडून कारण विचारू लागला, तेव्हा ते म्हणाले, "हलकं लिहायला हात धजंना, साहेब. आत्ताच उचलून बघितलंय की. खोटी नोंद कशी करू?"

४. या नोंदीवरून आपल्या कार्यालयाने 'विनापरवाना जड वाहन मैदानात आणून धावपट्टीस धोका पोहोचविला' अशी नोटीस बजावली. पूर्तता होईपर्यंत मैदानबंदी केली. वाहनाचा नोंदणी क्रमांक, भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे वजन आणि वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र मागितले. शिवाय 'प्रत्येक पूर्ततेच्या वेळी वाहन समक्ष हजर करावे' अशी अट घातली. खुलासा लिहून मोकळे व्हावे असे अर्जदारास एकदा वाटले होते. परंतु अठरा वर्षांचा अनुभव असा की, खुलासा करणाऱ्याचे काम लांबते व कागद जोडणाऱ्याचे होते. शिवाय त्याला राग आला होता. रागाच्या भरात तो आयुष्यात प्रथमच जालना रोडवर सायकल घेऊन उतरला. रस्ता ओलांडायलाच पहिल्या दिवशी चोवीस मिनिटे लागली.

५. नोंदणी क्रमांकासाठी तो आरटीओच्या ज्या खिडकीवर गेला तिथल्या बाईंनी सायकलीला क्रमांक नसतो असे सांगितले. तसे लेखी मागताच त्या म्हणाल्या, "नसलेल्याचा दाखला द्यायचा नमुनाच नाही हो आमच्याकडे." अर्जदारास त्यांचे म्हणणे पटले. त्याच्या टेबलावरही तो नमुना नाही. आपल्या कार्यालयास हे कळवण्यासाठी अकरा किलोमीटर जाणे-येणे झाले.

फिटनेस प्रमाणपत्रासाठी तो डॉ. तहरीम यांच्याकडे गेला, कारण सायकलीत बिघाड काहीच नव्हता; जो काही बिघाड होता तो सीटवरच्या भागात होता. डॉक्टरीणबाईंनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढून डोळे पुसले आणि सांगितले, "आज फिटनेस देणं म्हणजे गुन्हा होईल. ऑक्टोबरमध्ये या. सायकलवरच या."

वजनासाठी बीड रोडवरच्या, ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर जावे लागले. काटा सांभाळणारे श्री. मोतीराम यांनी काट्याच्या मधोमध सायकल उभी करायला लावली व खिडकीतून ओरडले, "भरलेली एकशे चाळीस! आता माल उतरवा!" अर्जदार उतरला. रिकामी वीस भरली. मागे दोन ट्रक रांगेत उभे होते व त्यांचे चालक टाळ्या वाजवत होते. पावतीवर 'मालाचा प्रकार' असा रकाना होता. मोतीरामांनी तो कोरा ठेवला. परंतु कोरा रकाना म्हणजे त्रुटी, हे माहीत असल्याने अर्जदाराने स्वतःच्या हाताने तेथे 'लिपिक' असे लिहिले.

६. त्यानंतर पावतीवर शिक्का अस्पष्ट, सहीखाली हुद्दा नाही, फोटोत वाहनाची मागची बाजू दिसत नाही (अर्जदारामुळे), अशा त्रुटी निघत गेल्या. प्रत्येक वेळी अर्जदार वाहनासह हजर झाला. ऑगस्टमध्ये तो रोज दहा-बारा किलोमीटर रागाने चालवत असे. सप्टेंबरमध्ये राग कमी पडू लागला, पाय मात्र थांबेनात. आपले कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या भेटीत तो जिन्यात तीनदा थांबला होता. सहाव्या भेटीत वर पोहोचल्यावर आपण थांबलोच नाही हे त्याच्या लक्षात आले, आणि तो नुसताच हसत उभा राहिला. आपल्या शिपायाने त्यास पाणी हवे का म्हणून विचारले. हवे नव्हते.

७. सहाव्या त्रुटीपत्रात 'अर्जदाराच्या मूळ गावच्या ग्रामपंचायतीने वाहन समक्ष पाहून रहिवासाचा दाखला द्यावा' असे नमूद होते. पाचोड शहरापासून पन्नासच्या वर किलोमीटर आहे. त्यासाठी अर्जदाराने दि. १० ऑक्टोबरची किरकोळ रजा टाकली व पहाटे पाचला निघाला. आडूलला चहा घेतला, उभ्यानेच. गाव दोन किलोमीटरवर असताना मागचे चाक पंक्चर झाले आणि उरलेली वाट तो सायकल हाती धरून चालत गेला. आई म्हाळसाबाई पोळ्यापासून गावीच होत्या व त्या वेळी रस्त्याकडेला शेजारीण भागूबाईंशी बोलत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. अर्जदारास त्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू आले.

"भागू, त्यो बघ गं कोण येतंय. चाल समदी ह्यांचीच हाय."

भागूबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्याला जाऊन नऊ वरीस झाले, आक्का."

"व्हय गं. मला काय ठावं नाय? पर चाल बघ की."

अर्जदार जवळ गेल्यावर त्यांनी ओळखले. "कडू व्हय रं?" एवढेच बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "पाणी पी आधी. बसू नको लगेच."

ही बाब नस्तीशी संबंधित नाही याची अर्जदारास जाणीव आहे. तरी ती नोंदीवर असावी. ग्रामसेवकांनी वाहन पाहिले व दाखला दिला. त्या आठवड्यात वजन १०७ किलो होते आणि डॉ. तहरीम यांनी इन्सुलिनचा विषय काढला नाही.

८. असे सर्व सुरळीत चालू असताना आपले संदर्भ क्र. ३ चे पत्र प्राप्त झाले. त्यात नमूद आहे की, सायकल हे जड वाहन नसून नोंद चुकीची होती. सबब सर्व कागदपत्रे अनावश्यक ठरतात, मैदानबंदी उठवण्यात येते व प्रकरण निकाली काढण्यात येते. शेवटच्या ओळीत चुकीची नोंद केल्याबद्दल फकिरा यांना कामावरून कमी का करू नये, अशी विचारणा आहे.

मैदान खुले झाले त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. तथापि वस्तुस्थिती अशी की, मैदानावर गोल गोल फिरण्यास निश्चय लागतो, आणि त्रुटीच्या पूर्ततेस फक्त तारीख लागते. निश्चय अर्जदाराजवळ पूर्वीही नव्हता. तारीख पाळण्याची सवय मात्र सव्वीस वर्षांची आहे. पत्र आल्यापासूनच्या एकवीस दिवसांत त्यास कोठेही बोलावणे नाही, आणि वजन अडीच किलोने वाढले आहे.

९. फकिरा यांच्याबाबत अर्जदार अधिक गंभीरपणे लिहू इच्छितो. त्या पत्रापासून तो माणूस घाबरला आहे. गेल्या सोमवारी झाडांना पाणी घालणारा टँकर आत आला, तो त्यांनी 'हलके वाहन' म्हणून लिहिला. अर्जदाराने विचारले असता ते म्हणाले, "आता समदं हलकंच लिहितो, साहेब. दोन लेकींची शाळा हाय." धावपट्टीवर टँकरच्या चाकाचे चर पडले आहेत व वहीप्रमाणे तेथून काहीच जड गेलेले नाही. डोळ्यांनी पाहून खरे लिहिणारा माणूस आपल्या खात्यास सहज मिळत नसतो. अर्जदाराच्या खात्यास तर अद्याप मिळालेला नाही. अर्जदाराने स्वतः अठरा वर्षांत शेकडो नोंदी केल्या, पण समोरच्यास हाताने उचलून पाहिल्यावर केलेली अशी त्यात एकही नाही.

सबब विनंती की,

(अ) दि. ७ जुलैची नोंद त्या दिवशी, त्या वेळी, पूर्णपणे खरी होती, हे अर्जदाराचे लेखी म्हणणे ग्राह्य धरून फकिरा यांच्यावरील कारवाई मागे घ्यावी. उचलला गेलेला तो स्वतः असल्याने त्याच्याइतका दुसरा साक्षीदार नाही.

(ब) नस्ती बंद न करता पुन्हा उघडावी व दरमहा किमान दोन त्रुटी काढाव्यात. पाचोडच्या दाखल्यावर जावक क्रमांक नाही, ही त्रुटी आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. सोयगाव तालुक्यातून आणण्याजोगा एखादा कागद असल्यास तोही मागावा. मात्र वाटेत घाट असल्याने जानेवारीपर्यंतची मुदत द्यावी.

(क) या अर्जाचे उत्तर कृपया टपालाने पाठवू नये. ते नेण्यासाठी अर्जदार वाहनासह समक्ष येईल.

आपल्या पुढील त्रुटीच्या प्रतीक्षेत, नम्र,

(सही)
क. पुं. शिंगाडे

छत्रपती संभाजीनगर
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) वजनकाट्याची पावती (माल : लिपिक).
२) मौजे पाचोड येथील दाखला, जावक क्रमांकाविना.
३) फिटनेस प्रमाणपत्र : जोडलेले नाही. डॉक्टरांनी 'अजून सात किलो' असे तोंडी कळवले आहे.
४) नोंदवहीतील दि. ७ जुलैच्या पानाची छायाप्रत. 'जड' या खुणेसमोर 'वाचले, बरोबर आहे' असे लिहून अर्जदाराने सही केली आहे.