सामाईक भिंतीतले तीन फूट

मी, दामोदर त्र्यंबक सोवनी, वय चौऱ्याहत्तर, सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त, मूळ गाव मिरज, राहणार येलहंका, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, पण तो गोळीने ताब्यात आहे. कोणी दडपण आणलेले नाही. पत्नी प्रेमा "लिहा काय लिहायचं ते" म्हणून स्वयंपाकघरात गेली आहे. २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो.

खाडाखोड केली तर शेजारी माझी व साक्षीदारांची सही लागते, असे वकील अनुषा हिने सांगितले आहे. ती माझी मुलगी प्रांजली हिची मैत्रीण. काका, कोरा कागद घेऊन पुन्हा लिहा, असेही म्हणाली. पुन्हा लिहिणार नाही.

कलम १. साक्षीदाराचे नाव आधी ठरवतो. मागच्या शेजारीण श्रीमती सगुणाबाई लाड यांनी पहिली साक्ष घालावी. कारण लपवत नाही. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा कायदा आहे. हे कळल्यापासून मला फार बरे वाटते आहे. सदतीस वर्षांत या बाईंनी माझ्या घरातून पुष्कळ नेले. आता कायद्यानेच दार लावलेले बरे.

कलम २. राहते घर माझ्या स्वकष्टाचे, १९८८ साली घेतलेले. माझ्या पश्चात ते प्रेमाचे. <s>मात्र तिने ते विकून मिरजेला परत जाऊन राहावे, या अटीवर.</s> (खोडले. पाहा कलम ६. दा. त्र्यं. सो.)

आम्ही १९७६ साली पाच वर्षांसाठी म्हणून इथे आलो. घर घेतले तेही तात्पुरते. म्हणून दारावर पाटी लावली नाही. टूलरूममध्ये मी स्वतः कोरलेली पितळी पाटी मिरजेला बांधायच्या घरासाठी ट्रंकेत ठेवली, ती अजून तिथेच आहे. म्हणूनच अंगणात जमिनीत झाड लावायचे नाही, असा नियम केला; जाताना काय उपटून नेणार? प्रेमाने माहेरून सोनचाफ्याचे रोप आणले, ते कुंडीत लावले. दोन वर्षांत मुळांनी कुंडी फोडली. मी कामासाठी गावाला गेलो होतो. परत आलो तर सोनचाफा भिंतीपलीकडे, सगुणाबाईंच्या मातीत. आज तो दुमजली आहे. फुले माझ्या अंगणात पडतात आणि झाड त्यांचे म्हणवते. मी ती फुले उचलत नाही.

कलम ३. बँकेतल्या सर्व ठेवी प्रेमाला, विनाअट. व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर आणि बाकी हत्यारे प्रांजलीला. देवनहळ्ळीचा फ्लॅट घेताना तिने टेप लावून हॉल चार इंच कमी भरल्याचे बिल्डरला दाखवले होते. पोरगी माझी आहे. माझ्याबरोबरचा फिटर देवाप्पा याने १९९४ साली नेलेली स्पिरिट लेव्हल परत आणून द्यावी. तो साक्षीदार आहे, त्यामुळे ती त्याला बक्षीस म्हणूनही मिळणार नाही.

मिरजेचा दोन गुंठे प्लॉट धाकटा भाऊ सुहास याला. कारण पुढे येते.

कलम ४. आता सगुणाबाईंबद्दल. त्यांचे घर मागच्या गल्लीत, आमच्या पाठीला पाठ लावून. मध्ये सामाईक भिंत. रस्त्याने जायचे तर अख्खा ब्लॉक वळसा घालावा लागतो, म्हणून प्रेमा प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून भिंतीवरून डबा देते, डबा घेते. माझ्याशी ती "हं" आणि "बघू" एवढ्यातच बोलते. भिंतीशी उभी राहिली की पूर्ण वाक्ये येतात, वर हसणे. त्या हसण्याचे कारण विचारले तर "काही नाही हो." माझी आमटी बघता बघता इथले पातळ सारू झाली. तक्रार केली तर "बरं"च्या जागी कन्नड शब्द घालून म्हणाली, "सरी, उद्या करते." तो उद्या आलेला नाही.

मला हेवा वाटतो, हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो.

सगुणाबाईंनी तीनदा विचारले, "अण्णा, भिंतीत दार पाडूया की. स्वल्प जागा लागती. अक्काला स्टुलावर चढायला नको." तिन्ही वेळा मी म्हटले, आम्ही आता जाणारच आहोत, दार कशाला? एकदा चिडून विचारले, तुमचे गाव कोणते? म्हणाल्या, "हेच की. साडेतीनशे वर्षं झाली आमच्या मराठी लोकांना इथं येऊन. आता परत कुठं जायाचं, तुम्हीच सांगा अण्णा." त्या उत्तराचाही मला हेवा वाटला.

कलम ५. २०१२ साली आम्ही खरेच परत गेलो. सुहासच्या माडीवर सात महिने राहिलो. प्रेमा रोज चार वाजता सगुणाबाईंना फोन करायची, आणि मी पेपर आडवा धरून ऐकायचो. नंतर आम्ही बेंगळुरूला परतलो. प्रेमाचे मन रमेना, असे मी सगळ्यांना सांगितले.

ते खोटे आहे. प्रेमाने एकदाही परत चला म्हटले नाही. मी म्हटले. मिरजेत मला "ते बेंगळुरूचे पाहुणे" म्हणत. चोवीस वर्षे ज्या गावासाठी इथे दारावर पाटी लावली नाही, त्या गावात मी पाहुणा. येलहंक्याच्या भाजीवाल्याशी तोडक्या कन्नडात भांडल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटेना. दोष तिच्या माथी मारला आणि ती गप्प राहिली. तेरा वर्षे गप्प आहे. प्लॉटवर मी घर बांधणार नाही हे माझ्या आधी सुहासला कळले होते, तो म्हणाला होता, "दादा, तू नाही बांधत आता." म्हणून प्लॉट त्याला.

परत आलो तेव्हा सगळ्या कुंड्या जिवंत होत्या. सगुणाबाई रोज भिंतीवरून पाइप सोडून पाणी घालत होत्या. मला तेव्हा त्याचाही राग आला.

कलम ६. गेल्या ऑगस्टमध्ये प्रेमा स्टुलावरून पडली. मनगट मोडले. मी आत टीव्ही मोठा करून बसलो होतो. ऐकू आले नाही. एकाहत्तर वर्षांच्या सगुणाबाई अख्ख्या ब्लॉकला वळसा घालून अनवाणी धावत आल्या आणि माझेच दार वाजवून मला सांगितले की माझी बायको पडली आहे.

प्लास्टर घालून आल्यावर प्रेमा म्हणाली, "ते २०१९ चं तुमचं मी वाचलंय. मला मिरजेला पाठवू नका. तिथे मी पडले तर कुणाला ऐकू जाईल?"

आज सकाळी तरीही कलम २ मध्ये तीच अट लिहिली. इथवर लिहून झाल्यावर मागे जाऊन ती खोडली. घर प्रेमाचे, विनाअट. तिने इथेच राहावे. ट्रंकेतली पाटी गेटवर लावावी.

कलम ७. मागच्या सामाईक भिंतीतील, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून उजवीकडे चार फुटांवरचा, तीन फूट रुंदीचा माझा हिस्सा मी श्रीमती सगुणाबाई लाड यांना देतो. त्यांनी तो पाडून दार बसवावे. कडी दोन्ही बाजूंनी असावी. सोनचाफ्याची मुळे तोडू नयेत.

हे आत्ताच का करत नाही, असे अनुषाने विचारले. कारण माझ्या जिवंतपणी ते दार रोज उघडताना मला बघावे लागेल. तेवढे मोठे मन माझे नाही.

तोपर्यंत भिंतीवरून डबा मी देत जाईन. मला स्टूल लागत नाही.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही केली.

दामोदर त्र्यंबक सोवनी
येलहंका, बेंगळुरू
९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. <s>श्रीमती सगुणाबाई लाड</s> (नाव खोडले. त्यांना आता या मृत्युपत्रातून मिळायचे आहे. दा. त्र्यं. सो.)
१. देवाप्पा, निवृत्त फिटर, येलहंका
२. अनुषा, वकील, बनशंकरी